वाघ, बकरी आणि ग्रोनिंगनचा प्राध्यापक

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात एका बकरीवरून मोठे भांडण झाले. बकरी खरी नव्हे. माझ्या तेरा वर्षांच्या नातवाच्या संगणकावरची. ग्रोनिंगनला डिसेंबरात साडेचारपर्यंत अंधारून येते. बाहेर पाऊस आणि वारा. मुलगा शाळेतून आला की खोलीत बसतो आणि पडद्यावर एका बकरीला उधळायला लावतो. ती मोटारींना धडका देते, लांबलचक जीभ काढून दिसेल ती वस्तू चिकटवून फरफटत नेते, भोवती मुडदे चालत असतात आणि हा एकटा खो-खो हसत असतो. आठवडाभर मी हे पाहिले. आठव्या दिवशी तिसऱ्यांदा जेवायला हाक मारूनही तो उठला नाही, तेव्हा मी आत गेले आणि बटण दाबून संगणकच बंद केला.

तो ओरडला नाही. माझ्याकडे पाहून एकच डच शब्द म्हणाला, "स्पेलब्रेकर", आणि न जेवता पांघरूण ओढून झोपला. लेक मला म्हणाली, "आई, तू असं मधेच बंद करायला नको होतंस." जावई काहीच बोलले नाहीत, ते मला जास्त लागले.

मुलीकडे राहायला येऊन मला सहा वर्षे झाली आहेत. डच भाषा बाजारहाटापुरती येते. 'स्पेल' म्हणजे खेळ आणि 'ब्रेकर' म्हणजे मोडणारा एवढे कळले होते, पण पोराने तो शब्द एवढ्या दुःखाने का उच्चारला ते कळले नव्हते. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांच्याकडे दर गुरुवारी मी कॉफीला जाते. त्यांना विचारले, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "या शब्दाचा अर्थ हवा असेल तर आमच्या गावच्या हुइझिंगांना विचारा. त्यांनी तो नीट लिहून ठेवला आहे. आणि गंमत म्हणजे सुरुवातीला ते तुमच्याच विषयातले होते."

माझा विषय संस्कृत. सांगली जिल्ह्यात एकतीस वर्षे मी तो शिकवला. 'माझ्या विषयातला' माणूस उत्तर समुद्राजवळच्या या गावात निघावा याचे मला नवल वाटले. त्या नवलातून गेले वर्षभर जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे ठेवते आहे.

विदूषकाचा अभ्यासक

योहान हुइझिंगा यांचा जन्म ७ डिसेंबर १८७२ रोजी ग्रोनिंगनमध्ये झाला. वडील डिर्क हुइझिंगा येथल्या विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. हे विद्यापीठ १६१४ सालचे, म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माआधी सोळा वर्षे स्थापन झालेले. १८७९ साली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी गावातून एक सोंगांची मिरवणूक काढली. १५०६ साली पूर्व फ्रिसियाचा सरदार एडझार्ड याने ग्रोनिंगनमध्ये प्रवेश केला होता, त्याचा तो देखावा होता. झेंडे, चिलखते, घोडे! लहानग्या योहानने ती मिरवणूक पाहिली. पुढे जगप्रसिद्ध इतिहासकार झाल्यावर आपल्याला इतिहासाचा नाद कसा लागला हे सांगताना त्यांनी सुरुवात या मिरवणुकीपासून केली आहे. इतिहास त्यांना प्रथम भेटला तो पुस्तकात नव्हे, मोठ्या मुलांच्या खेळात.

विद्यापीठात त्यांनी डच भाषा आणि साहित्य हा अभ्यासक्रम घेतला. त्या काळी त्यात संस्कृतचाही समावेश असे. संस्कृत शिकवायला होते याकोब स्पायर. हे नाव वाचले आणि मी पुस्तक खाली ठेवले. स्पायर यांचे 'संस्कृत सिंटॅक्स' (१८८६) एम. ए. करताना आम्ही ग्रंथालयात पाळीपाळीने वाचलेले. ते लिहिणारे गृहस्थ मी रोज भाजी आणायला जाते त्याच गावात शिकवत होते, याची मला तेव्हा काय कल्पना!

हुइझिंगांना आधी तौलनिक भाषाशास्त्रात प्रबंध लिहायचा होता. त्यासाठी ते १८९५-९६ मध्ये लाइपझिगला जाऊन आले. तो बेत सोडून त्यांनी निवडलेला विषय होता भारतीय नाटकातला विदूषक. 'डे विदूषक इन हेट इंडिश टोनेल' या प्रबंधावर १८९७ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांना ग्रोनिंगनची डॉक्टरेट मिळाली. आपल्याकडे डॉ. गो. के. भट यांचा 'द विदूषक' हा इंग्रजी ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला, त्याच्या बासष्ट वर्षे आधीची ही गोष्ट.

आपल्या वाचकांना विदूषक नवा नाही. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत तो सूत्रधाराशी थट्टा करी. किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि माढव्य मराठी बोलू लागला. देवलांच्या 'मृच्छकटिका'तून मैत्रेय आला. तमाशातला सोंगाड्या हाही त्यांचाच भाऊबंद. नाट्यशास्त्राने विदूषकाचे रूप सांगितले आहे ते असे: ठेंगू, दात पुढे आलेले, कुबड, टक्कल, पिंगट डोळे. जन्माने ब्राह्मण, पण विद्येचा गंध नाही. आणि सदा भुकेला.

मुलांना शिकवताना एक गोष्ट माझ्या लक्षात कधीच आली नव्हती, ती इथे आल्यावर आली. हा विदूषक सारखा जनावरांच्या उपमेने येतो. मृच्छकटिकाच्या पहिल्याच अंकात मैत्रेय जुन्या सुखाच्या दिवसांची आठवण काढतो, तेव्हा मोदक खाऊन आपण चव्हाट्यावरच्या पोळासारखे रवंथ करीत बसत होतो असे सांगतो. आणि आता पोटासाठी दिवसभर हिंडून पारव्यासारखे रात्रीपुरते इथे परततो, म्हणतो. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात अदृश्य मातली माढव्याला धरतो, तेव्हा तो स्वतःला मांजराने धरलेला उंदीर म्हणवतो. प्रेक्षक हसतात. पण त्याच्या बाजूने पाहिले तर प्रश्न जिवाचा आहे. राजा प्रेमात आहे, नायिका विरहात आहे, आणि या एकट्याला भूक लागली आहे नि भीती वाटते आहे. नाटकातला तगून राहण्याचा सगळा भार जणू त्याच्यावर टाकलेला.

खेळ आणि खेळ मोडणारा

प्रबंधानंतर हुइझिंगा हार्लेममध्ये शाळामास्तर झाले. १९०३ पासून अॅम्स्टरडॅम विद्यापीठात भारतीय संस्कृती आणि साहित्य यांवर व्याख्याने देत. १९०५ साली ग्रोनिंगनने त्यांना इतिहासाचे प्राध्यापक म्हणून परत बोलावले. दहा वर्षे इथे शिकवून १९१५ साली ते लायडनला गेले. १९१९ साली मध्ययुगाच्या अस्तकाळावरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला आणि नाव जगभर झाले. संस्कृत मागे पडले, असे सगळे चरित्रकार म्हणतात. मला ते पटत नाही. १९३८ साली त्यांचे 'होमो लुडेन्स', म्हणजे 'खेळणारा माणूस', प्रसिद्ध झाले. ते मी इंग्रजीतून वाचले आणि अडेल तेथे शेजारच्या बाईंनी डच प्रत उघडून समजावले. त्या पुस्तकात संस्कृत पानोपानी भेटते.

पुस्तकाची सुरुवातच प्राण्यांपासून आहे. खेळ संस्कृतीहून जुना आहे. कारण संस्कृतीला माणूस लागतो, आणि जनावरे काही माणसाने शिकवण्याची वाट पाहत बसली नाहीत. कुत्र्याची पिल्ले खेळताना पाहा, असे ते सांगतात: एकमेकांना चावल्यासारखे करतात, पण कान तुटू देत नाहीत. म्हणजे त्यांनाही नियम कळतात, आणि त्यांना मजाही येते. पुढे खेळाला निरनिराळ्या भाषांत कोणते शब्द आहेत याची चर्चा आहे. तिथे संस्कृतातले धातू येतात. 'क्रीड्' हा मुलांच्या, मोठ्यांच्या आणि जनावरांच्याही खेळण्याला. वारा आणि लाटा यांच्या बागडण्यालाही तोच. 'दिव्' हा फाशांच्या खेळाला. 'लस्' आणि 'लीला' यांत चमकणे, सहज उमटणे, नुसता आभास असणे हे अर्थ. मराठी माणसाला याची फोड करून सांगायला नको. आपण पत्त्यांचा खेळ म्हणतो, तमाशाचा खेळ म्हणतो, नशिबाचा खेळ म्हणतो आणि देवाची लीला म्हणतो.

आणि मग तो शब्द आला. हुइझिंगा म्हणतात की प्रत्येक खेळाला स्वतःचे रिंगण असते, जागेचे आणि वेळेचे. त्या रिंगणात वेगळे नियम चालतात. फसवणारा खेळाडू नियम मोडतो, पण निदान खेळतो आहे असे सोंग करतो. रिंगण त्यालाही मान्य असते. म्हणून त्याच्यावर लोक एवढे रागावत नाहीत. 'स्पेलब्रेकर' मात्र रिंगणच पुसून टाकतो. हे सगळे खोटे आहे, असे तो मोठ्याने सांगतो. आपल्याकडेही रडीचा डाव खेळणाऱ्याला पोरे चिडवतात आणि पुन्हा खेळायला घेतात. पण डाव उधळणाऱ्याला घेत नाहीत.

बटण दाबून मी नक्की काय केले होते, हे मला त्या पानावर कळले.

हंस आणि गान्स

नातवाची समजूत काढायची तर त्याचा खेळ समजून घेणे भाग होते. पण तिथवर जाण्याआधी एका वेगळ्या प्राण्याशी गाठ पडली. शेजारच्या बाईंनी माळ्यावरून आपल्या लहानपणचा 'गान्झेनबोर्ड' काढून आणला. डच लोक 'ग' घशातून 'ख'सारखा काढतात, त्यामुळे मला तो आधी 'खानझनबोर्ड' ऐकू आला. 'गान्स' म्हणजे पाळीव हंस, ज्याला आपण शाळेत सर्रास बदक म्हणून मोकळे होतो. संस्कृत 'हंस' आणि डच 'गान्स' हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज आहेत. दमयंतीला नळाची वार्ता सांगणारा तो हंस, आणि इथे कालव्याकाठी सायकलवाल्यांच्या अंगावर फिस्कारत धावणारा हा गान्स. नाव एक, वागणूक अगदी निराळी.

हा पट गोगलगायीच्या शंखासारखा आत वळत जातो. घरे त्रेसष्ट. दोन फासे टाकायचे. हंसाच्या घरावर गेलात तर तेवढेच दान पुढे. सहाव्या घरात पूल, एकोणिसाव्यात खानावळ, तिथे एक पाळी बसून राहायचे. एकतिसाव्यात विहीर आणि बावन्नाव्यात तुरुंग. दुसरा कोणी येऊन पडेपर्यंत सुटका नाही. बेचाळिसाव्यात भुलभुलैया. अठ्ठावन्नाव्या घरात मृत्यू, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ इटलीतून निघाला. फ्लॉरेन्सच्या फ्रांचेस्को मेदिचीने तो स्पेनचा राजा दुसरा फिलिप याला भेट पाठवला. १५९७ साली लंडनमध्ये त्याची नोंद झाली. याच फिलिपविरुद्ध डच प्रांत ऐंशी वर्षांच्या युद्धात उभे राहिले होते आणि १५९४ साली ग्रोनिंगन त्याच्या हातून गेले. राजा गेला, त्याला भेट मिळालेला खेळ मात्र डच घराघरांत राहिला.

मला अर्थातच आपला मोक्षपट आठवला. परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. उपलब्ध जुने पट अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत. त्यातल्या शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. हाच पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला जाऊन सापशिडी होऊन परत आला. दोन्ही खेळांत अक्कल चालत नाही, दान पडेल तसे जायचे. दोन्ही खेळांत खाली घसरणाऱ्याला बाकीचे हसतात. फरक इतकाच की आपल्या पटात घसरण्याचे कारण तुमच्या पापात सांगितलेले असते. डच पटात विहिरीत पडलात तर पडलात. कोणी येईपर्यंत थांबा.

वीस बकऱ्या, चार वाघ

पण नशिबाच्या या खेळांहून मला जवळचा वाटतो तो कृष्णाकाठी लहानपणी खेळलेला वाघ-बकरी. आमच्या गावच्या घाटावर एका पायरीवर त्याचा पट कोरलेला होता. महाराष्ट्रात किल्ल्यांवर, लेण्यांत, देवळांच्या ओट्यांवर असे कोरीव पट पुष्कळ सापडतात. पहारेकरी, वाटसरू, गुराखी यांनी वेळ घालवायला कोरलेले. नेपाळात याला बाघ-चाल म्हणतात. दक्षिणेत त्रिकोणी पटावर तीन वाघ आणि पंधरा बकऱ्यांचा प्रकार आहे. आमच्याकडे पंचवीस घरांचा चौकोनी पट, चार कोपऱ्यांत चार खडे म्हणजे वाघ, आणि वीस चिंचोके म्हणजे बकऱ्या.

वाघ पहिल्यापासून पटावर. बकऱ्या एकेक करून यायच्या. शेजारच्या बकरीवरून पलीकडच्या मोकळ्या घरात उडी मारता आली, की वाघाने ती खाल्ली. बकरीला कोणालाच खाता येत नाही. तिने फक्त उभे राहायचे आणि एकेक घर सरकायचे. वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या. माझी आजी नेहमी बकऱ्या घेई आणि बहुतेक वेळा जिंके. मी वाघ मागून घेत असे, कारण वाघ म्हणजे रुबाब. आजी म्हणे, "वाघाकडे बघूच नये. बकरीच्या पाठीमागं काय आहे ते बघावं." खेळाचे सगळे मर्म यात आहे. ज्या बकरीच्या मागचे घर भरलेले आहे तिच्यावरून वाघाला उडी घेता येत नाही. पाठीशी कोणी असेल तर वाघ शेजारी बसला तरी काही करू शकत नाही.

युरोपातही याचे भावंड आहे, कोल्हा आणि हंस. अधिकाच्या आकाराच्या पटावर तेहेतीस घरे, एक कोल्हा, तेरा हंस. कोल्हा उडी मारून खातो, हंसांनी एकजुटीने त्याला कोंडायचे. तिथला गान्स दानावर चालत नाही, विचाराने चालतो. हा खेळ मध्ययुगापासून युरोपात आहे. दोन्हीकडच्या माणसांनी दुबळ्या प्राण्याला जिंकण्याचा तोच एक मार्ग शोधून दिला, याचे मला फार कौतुक वाटते. बळकटाला उडी आणि दुबळ्याला संख्या. आपल्या म्हणींत बकरीला एवढाही मान नाही. बकरी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. बळीचा बकरा आहे, उंटावरून हाकायच्या शेळ्या आहेत. एकट्या पटावरच ती वाघाला बसवून ठेवते.

स्वीडनची बकरी

आता नातवाच्या बकरीकडे येते. समेट झाल्यावर त्यानेच मला सगळे समजावून दिले, आणि नंतर मी ताडूनही पाहिले. २०१४ च्या जानेवारीत स्वीडनमधल्या कॉफी स्टेन या लहानशा स्टुडिओतल्या मंडळींनी थोड्या दिवसांत, निव्वळ गंमत म्हणून, एक बकरीचा खेळ तयार केला. त्याची चित्रफीत लोकांनी पाहिली आणि इतकी मागणी आली, की त्याच वर्षी १ एप्रिलला तो 'गोट सिम्युलेटर' नावाने विक्रीला आला. मोठ्या कंपनीच्या भांडवलाशिवाय थोड्या लोकांनी केलेल्या अशा खेळांना 'इंडी' म्हणतात. खेळात पुष्कळ चुका राहिल्या होत्या: बकरीची मान भलतीकडे वळे, ती भिंतीत अडके, आकाशात उडे. खेळ बंद पाडतील तेवढ्याच चुका दुरुस्त केल्या आणि बाकीच्या विनोद म्हणून तशाच ठेवल्या. जुन्या नाटक मंडळ्यांत पडदा अडकला की विदूषक त्याचाच विनोद करी, त्यातलीच ही तऱ्हा.

त्या सुमारास 'तगून राहा' या जातीच्या खेळांची लाट होती. २०११ चा 'माइनक्राफ्ट' स्वीडनचाच. रात्र पडण्याआधी निवारा बांधा, नाहीतर संपलात. २०१२ मध्ये 'डेझी' आला, त्यात चालत्या मुडद्यांनी भरलेल्या देशात अन्न, पाणी, औषध शोधत हिंडायचे. सगळे भयंकर गंभीर. त्याची टर उडवायला कॉफी स्टेनने २०१५ साली बकरीची पुढची आवृत्ती काढली, 'गोटझी'. माझ्या नातवाची ती हीच. जग बुडाले आहे, मुडदे फिरताहेत, आणि जगवायची आहे एक बकरी. तिला दर पाच मिनिटांनी खावे लागते, नाहीतर ती मरते. आणि हे अगदी वास्तवाला धरून आहे, असे निर्माते गंभीर चेहऱ्याने सांगतात.

हे ऐकले आणि मी मोठ्याने हसले. नातू चकित झाला. मी म्हटले, "अरे, हा तर आमचा मैत्रेय!" जग बुडाले तरी ज्याला आधी भूक लागते तो. चालत्या मुडद्यांच्या मधोमध काहीतरी चघळत उभी असलेली ती बकरी आणि मोदकांच्या आठवणीने व्याकूळ झालेला तो ब्राह्मण, दोघांचा विनोद एकच आहे. संकट मोठे, आणि पोट त्याहून मोठे. ग्रोनिंगनच्या विद्यापीठात चोविसाव्या वर्षी विदूषकावर लिहिणाऱ्या आणि पासष्टाव्या वर्षी खेळावर लिहिणाऱ्या हुइझिंगांना ही बकरी दाखवता आली असती, तर त्यांनी तिला पुस्तकात एखादे पान दिले असते असे मला वाटते. ते स्वतः डच इतिहासातल्या प्रसंगांची विनोदी चित्रे काढीत. ती त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने छापली गेली.

एक फरक मात्र मला दिसला आणि तो मी नातवाला सांगितला. त्याची बकरी एकटी आहे. तिच्या पाठीमागच्या घरात कोणी नाही.

शेवटचा डाव

हुइझिंगांची गोष्ट इथे संपवली तर ती फार गोड होईल. 'होमो लुडेन्स'च्या शेवटच्या भागात त्यांनी आपल्या काळाकडे पाहिले आहे. एकसारखे गणवेश, घोषणा, संचलने, बिल्ले यांना लोक खेळासारखे रंगून जातात; पण तो खेळ नव्हे, तो पोरकटपणा आहे, असे त्यांनी लिहिले. खऱ्या खेळाला मर्यादा असते आणि प्रतिस्पर्ध्याचा मान असतो. यात दोन्ही नाही. हे लिहिणारा माणूस नुसता लिहून थांबणारा नव्हता. १९३३ साली लायडन विद्यापीठाचे रेक्टर असताना तेथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या जर्मन पथकाच्या प्रमुखाने ज्यूंविरुद्ध गलिच्छ पुस्तिका लिहिली आहे हे कळताच त्यांनी त्याला विद्यापीठातून जायला सांगितले होते.

१९४० च्या मे महिन्यात जर्मन सैन्य या देशात घुसले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लायडन विद्यापीठ बंद करण्यात आले. ऑगस्ट १९४२ मध्ये, एकोणसत्तर वर्षांच्या हुइझिंगांना ओलीस म्हणून सिंट मिखिल्सखेस्टेल येथील छावणीत ठेवले गेले. बाहेर कोणी घातपात केला की ओलिसांपैकी काहींना गोळ्या घालायच्या, अशी ती व्यवस्था होती. प्रकृती खालावल्यामुळे ऑक्टोबरात त्यांना सोडले, पण लायडनला परतण्याची बंदी घातली. आर्नेमजवळच्या डे स्टेख या खेड्यात एका सहकाऱ्याच्या घरी ते राहिले. ग्रंथालय नाही, स्वतःची टिपणे जवळ नाहीत, शेवटच्या हिवाळ्यात सगळ्या पश्चिम हॉलंडमध्ये उपासमार. तशातही इतिहासाकडे आपण कसे वळलो हे ते लिहीत राहिले. ती ग्रोनिंगनच्या मिरवणुकीची आठवण याच लेखनातली. १ फेब्रुवारी १९४५ रोजी ते वारले. तीन महिन्यांनी देश मुक्त झाला.

हे मी नातवाला जसे जमले तसे मराठीत सांगितले. त्याने फक्त एक विचारले, "आजी, मग ज्यांच्या घरी ते राहिले, ते त्यांच्या पाठीमागची बकरी होते का?" मी हो म्हटले.

त्या आठवड्यात तो मला गावातल्या फोरम इमारतीत घेऊन गेला. २०१९ साली ती उघडली, तेव्हाच तिथे चित्रकथा, अॅनिमेशन आणि संगणकावरचे खेळ यांचे संग्रहालय सुरू झाले. गच्चीवरून मार्टिनी मनोरा समोर दिसतो आणि त्याच्या पलीकडे विद्यापीठाची बाजू. घरी आल्यावर मी स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने पट आखला. चिंचोके नव्हते, म्हणून वाटाणे घेतले. वाघांसाठी लसणाच्या चार पाकळ्या. त्याने वाघ मागितले. मी दिले. तीन डाव तो हरला. चौथ्या डावाला म्हणाला, "मला बकऱ्या दे."

बकऱ्या घेऊन तो पहिल्यांदा हरलाच. पाच खाल्ल्या गेल्या. एक गेली की त्याला पडद्यावरच्यासारखी ती परत यायला हवी होती. इथे परत येत नाही, आणि तरी डाव संपत नाही. उरलेल्यांनी उभे राहायचे असते. हे त्याला समजायला दोन दिवस लागले. त्याच्या आईने चौथ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता वाकून पाहिले आणि म्हणाली, "कोपऱ्यातली सरकव." मग जावईही येऊन बसले.

त्याची स्वीडनची बकरी अजून आहे. संध्याकाळी तासभर ती उधळते आणि मी बटणाला हात लावत नाही. जेवायला बोलवायचे झाले तर दारात उभी राहून डाव संपण्याची वाट पाहते. आपल्या मंडळाच्या पुढच्या स्नेहसंमेलनाला मुलांसाठी हॉलच्या कोपऱ्यात एक वाघ-बकरीचा आणि एक गान्झेनबोर्डचा पट मांडावा, अशी माझी सूचना आहे. चिंचोके कोणी भारतातून येताना आणले तर बरे होईल. वाटाणे घरंगळतात.